गंगापूरच्या तलावाकाठी: वाइन, पाणी आणि खालची गंगा



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हांला दोन प्रकारचे निरोप आले. काहींनी विचारलं, परभणीत बसून वाइनचा इतिहास कशाला सांगता? काहींनी हळूच विचारलं, व्याख्यानानंतर काही चाखायला मिळणार आहे का? दुसऱ्या मंडळींची निराशा होणार आहे, कारण मागच्या टेबलावर फक्त चहा आहे. पहिल्या मंडळींचा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच आजचा हा तास.

ज्या तलावाच्या काठी महाराष्ट्रातलं वाइन पर्यटन उभं राहिलं, तो नाशिकजवळचा गंगापूर धरणाचा जलाशय आहे. हे धरण गोदावरीवर आहे. तिथून सुटलेलं पाणी, सुटलंच तर, नांदूर मधमेश्वर, पैठण असं करत आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडे येतं. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, नाशिककरही गंगाच म्हणतात. एकाच गंगेच्या वरच्या काठावर पर्यटक पेला हातात घेऊन सूर्यास्त बघतात आणि खालच्या काठावर आपण वर्तमानपत्रात धरणांची टक्केवारी बघतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, आणि असलाच तर तो कसा तयार झाला, हे आज बघायचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. गंगापूर म्हटलं की मराठवाड्यात आपल्याला संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका आठवतो. आपण बोलतोय ते नाशिकच्या पश्चिमेचं गंगापूर. पेशवाईत नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई उत्तरायुष्यात तिथं राहिल्या. त्याच वाटेवर राघोबादादा आणि आनंदीबाईंची आनंदवल्ली लागते. म्हणजे हा काठ वाइनच्या आधीपासून मोठ्या लोकांना राहायला आवडणारा आहे.

आमच्या अभ्यासगटातले आठ-दहा जण तपोवन एक्स्प्रेसनं नाशिकला गेलो. ही लाइनसुद्धा आजच्या विषयात येते. हैदराबाद संस्थानात 1899 ते 1901 या काळात मनमाडपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला, त्याचं नावच होतं हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. नदीच्या खोऱ्याचं नाव रेल्वेला दिलं, पण खोऱ्याची वरची बाजू तेव्हा इंग्रजी मुंबई इलाख्यात होती आणि खालची निजामाकडे. एकाच नदीचे दोन मालक होते. पुढं जे काही सांगणार आहोत, त्यात ही गोष्ट लक्षात ठेवा.

तर नाशिकहून गंगापूर-सावरगाव रस्त्याला लागलो. दुतर्फा द्राक्षाचे मांडव, मागे डोंगरांची रांग आणि मध्येच चमकणारं धरणाचं पाणी. वायनरीत गेलं की आधी कारखाना दाखवतात. स्टीलच्या मोठ्या टाक्या, गार खोल्या, ओक लाकडाची पिंपं. माहिती देणारा मुलगा निफाडकडचा होता, छान बोलत होता. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष दाबून रस लगेच वेगळा करतात, लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो, हे त्यानं दाखवलं. मग चव घेण्याच्या खोलीत नेलं. चार-पाच प्रकार, प्रत्येकी दोन घोट. पेला तिरका धरून रंग बघायचा, फिरवायचा, वास घ्यायचा आणि मग तोंडात घोळवायचा.

आमच्यात एक माळकरी काका होते. त्यांनी द्राक्षाचा रस मागवला आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. समोर पाणीच पाणी. त्यांनी त्या मुलाला विचारलं, "हे पाणी कोणाचं?" तो म्हणाला, "धरणाचं, काका." काकांनी मान हलवली. पण परतीच्या गाडीत आमच्याकडे तोच प्रश्न उरला होता. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचा पाठपुरावा समजा.

आता इतिहासाकडे वळू. पहिली समजूत दूर करायला हवी ती अशी, की द्राक्ष आणि वाइन हे दोन्ही आपल्याकडे परवा-परवा आलेले पाहुणे आहेत. तसं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं प्रवासमार्गदर्शक आहे. भडोच बंदरात कोणता माल उतरतो, याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत वाइन आहे. इटलीची वाइन जास्त पसंत करतात, शिवाय सीरियाकडची आणि अरबस्तानातली येते, असं तो नोंदवतो. त्याच पुस्तकात भडोचशी व्यापार करणाऱ्या दख्खनमधल्या दोन मोठ्या पेठांची नावं आहेत. एक पैठण, दुसरी तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. नेवाशाच्या उत्खननात ज्या बनावटीच्या कुंभांतून वाइन यायची, त्या रोमन कुंभांचे तुकडे सापडले. म्हणजे सातवाहनांच्या काळात गोदावरीच्या काठी परदेशी वाइन पोचत होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी पोशाखातली माणसं पेला हातात घेऊन बसलेली आहेत. ज्यांनी अजिंठा बघितला, त्यांनी पुढच्या वेळी मान वर करून बघावं.

ती आयात वाइन झाली. द्राक्षाचं काय? चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला. महंमद तुघलकानं राजधानी हलवली, त्यानंतरचा हा काळ. त्यानं लिहून ठेवलंय, की इथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ धरतात. ही ‘दोनदा’ची नोंद फार महत्त्वाची आहे. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो, त्यामुळे वर्षाला एकच हंगाम. आपल्याकडे थंडी तेवढी कडक नसते, वेल झोपत नाही, फुटतच राहतो. म्हणून आजचा द्राक्ष बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी, आणि माल एकदाच घेतो. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, तेव्हा फ्रान्समधल्या वेली उघड्याबोडक्या असतात. इब्न बतूतानं जे नवल म्हणून लिहिलं, त्यालाच आपल्या शेतकऱ्यानं पुढं कात्री लावून शिस्त लावली.

तेव्हा द्राक्ष ही नाशिकची जन्मजात मिरासदारी नाही. मराठवाड्यात द्राक्ष होती. निजामाच्या राजधानीजवळ अनाब-ए-शाही नावाचं वाण प्रसिद्ध होतं. सांगलीत तासगावनं आणि सोलापुरात नान्नजनं स्वतःची वाणं काढली. नाशिकमध्ये ओझरच्या बाजूला 1925 च्या सुमारास व्यापारी द्राक्षबागा सुरू झाल्याचं सांगतात. हवामानाचा फायदा नाशिकला आहेच. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, हिवाळ्यात गार रात्री. पण थंडीचाच प्रश्न असेल तर आपण कुठं मागं आहोत? दर डिसेंबरात राज्यातलं सर्वांत कमी तापमान निफाडचं की परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, अशी पेपरात चुरस असते. थंडीत बरोबरी आहे, मग फरक कशात पडला?

फरक पडला तो पाण्याच्या खात्रीत, आणि नंतर सरकारच्या निर्णयांत.

गंगापूरचं मातीचं धरण स्वातंत्र्याच्या आसपास हाती घेतलं गेलं आणि त्याच्या पूर्णत्वाचं वर्ष 1965 दिलं जातं. नाशिक शहराचं पिण्याचं पाणी आणि खालची शेती हा त्याचा हेतू. आता दुसरी तारीख ऐका. 18 ऑक्टोबर 1965, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडीची कोनशिला बसली. म्हणजे वरचं धरण पुरं झालं, त्याच वर्षी खालच्या धरणाचा पहिला दगड बसला. जायकवाडीचं उद्घाटन इंदिरा गांधींनी 24 फेब्रुवारी 1976 रोजी केलं. त्याचा 208 किलोमीटरचा डावा कालवा जालन्यातून आपल्या परभणी जिल्ह्यात येतो. वरच्या भागात तर त्याच्याही कितीतरी आधीपासून सिंचन आहे. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि तिथून निघणारे गोदावरी कालवे इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केले होते. तेव्हा आपण निजामाच्या हद्दीत होतो. एका नदीचे दोन मालक म्हणालो, ते या अर्थानं. वरच्या मालकानं पन्नास-साठ वर्षं आधी काम सुरू केलं.

आकारांचाही अंदाज घ्या. गंगापूरचा उपयुक्त साठा आज साडेपाच टीएमसीच्या थोडा वर धरतात. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. असे तेरा-चौदा गंगापूर एका नाथसागरात मावतात. पण लहान धरण वर आहे, आधी भरतं. मोठं धरण खाली आहे, उरलेल्या पाण्यावर भरतं. पाऊस चांगला असेल तर या हिशेबाची कोणाला आठवणही होत नाही. पाऊस दगा देतो तेव्हा ऑक्टोबरपासून भांडण सुरू होतं.

पाण्यानंतर दुसरा धागा आहे दारूच्या महसुलाचा, आणि तो आपल्या घरातला आहे. निजामाच्या संस्थानात आबकारी हे उत्पन्नाचं मोठं साधन होतं. शिंदी आणि मोहाची दारू, तिचे लिलाव, तिचे गुत्तेदार. म्हणून 1947-48 च्या मुक्तिसंग्रामात आपल्या लोकांनी दोन ठिकाणी घाव घातले. एक, करोडगिरीची नाकी. दुसरं, शिंदीची झाडं. गावोगाव शिंदीबनं तोडली गेली. ती तोडणाऱ्यांतले काही दारूबंदीवाले होते, काही नव्हते. सगळ्यांना एक गोष्ट कळत होती, की दारूचा पैसा सरकारचं बळ आहे. दारूकडे नीतीच्या नजरेनं बघायच्या आधी खजिन्याच्या नजरेनं बघायची ही शिकवण आपल्या आजोबा-पणजोबांनी दिलेली आहे. वाइनच्या बाबतीत आम्ही तीच वापरणार आहोत.

पुढं मराठवाडा मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला. राज्याचा मूळ कायदा 1949 चा दारूबंदी कायदा. गंमत बघा, महाराष्ट्रातली प्रत्येक वायनरी, प्रत्येक परवाना, प्रत्येक बाटली आजही त्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत चालते. कायद्याचं नाव बंदी आणि त्याचं रोजचं काम परवानगी देणं.

या चौकटीत 1980 च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फेसाळत्या वाइनचा प्रयोग केला. फ्रेंच तंत्रज्ञान आणलं, परदेशात बाटल्या पाठवल्या. तिकडं कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबानं फ्रेंच वाणांची लागवड केली. नाशिकच्या तलावाकाठची गोष्ट त्यानंतरची. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकलेले, तिथं नोकरी केलेले राजीव सामंत परत आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आंब्यापासून खाण्याच्या द्राक्षापर्यंत बरंच काही करून बघितलं. शेवटी 1997 च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या तज्ज्ञाच्या मदतीनं सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही वाइनची वाणं लावली. 2000 मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. 2005 मध्ये पाहुण्यांना चव देण्याची खोली सुरू झाली. मग तलावाकाठी राहण्याची सोय, फेब्रुवारीतला संगीतमहोत्सव, शेजारी ‘यॉर्क’, ‘सोमा’ अशा आणखी वायनऱ्या. डिसेंबर 2022 मध्ये सुलाचे शेअर बाजारात आले.

यातल्या कष्टांना आणि कल्पकतेला आम्ही कमी लेखत नाही. पण फक्त उद्योजकाच्या जिद्दीची गोष्ट सांगून थांबलो तर इतिहास अर्धा राहतो. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कातून दहा वर्षं सूट दिली, पुढं ती मुदत वाढवत नेली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. नंतर विक्रीवरच्या 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची योजना आली. वर केंद्राचं आयात वाइनवरचं 150 टक्के शुल्क होतंच. देशी दारू, विदेशी मद्य यांच्यावर कर वाढवत न्यायचा आणि वाइनला मात्र सोडायचं, यामागचं कारण सरकारनं उघड सांगितलं. वाइन द्राक्षापासून होते, तिचा फायदा शेतकऱ्याला होतो.

हा दावा तपासायला हवा. काही प्रमाणात तो खरा आहे. वायनरी शेतकऱ्याशी करार करते, वाण ठरवून देते, भाव आधी ठरतो. खाण्याच्या द्राक्षाला मण्यांचा आकार, रंग, फुगवण यांसाठी जो खर्च लागतो, तो वाइनच्या द्राक्षाला कमी लागतो. बारीक मणी, जाड साल, गोडी भरपूर, हेच तिथं हवं असतं. पण याच करारात धोकाही आहे. वाइनचं द्राक्ष बाजारात टोपलीत मांडून विकता येत नाही, त्याला बिया असतात, गिऱ्हाईक घेत नाही. वायनरीनं माल नाही उचलला, तर शेतकरी कुठं जाणार? 2008-09 च्या मंदीत नेमकं हेच झालं. मुंबईच्या दहशतवादी हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाइन टाक्यांत पडून राहिली, कित्येक वायनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. तलावाकाठच्या गच्चीवर ही गोष्ट सांगत नाहीत. तो त्या मुलाचा दोष नाही, त्याला तेवढा वेळच देत नाहीत.

आता आपल्या बाजूची एक गोष्ट. 2007 मध्ये सरकारनं धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना लिटरमागं अनुदान देण्याचं धोरण आणलं. कारण काय दिलं? पावसात काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, शेतकऱ्याला भाव मिळेल. परभणी म्हणजे ज्वारीचा मुलूख. आपल्या विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ची भाकरी खाणारे आपण. त्या धोरणावर राज्यभर टीका झाली, लाभ शेतकऱ्याला की राजकारण्यांच्या कारखान्यांना हा प्रश्न विचारला गेला आणि ते धोरण बदनाम झालं. ज्वारीची दारू म्हटल्यावर अन्नाची नासाडी आठवते, द्राक्षाची वाइन म्हटल्यावर सूर्यास्त आठवतो. दोन्हीकडे सरकारचं शेतकऱ्याच्या नावावरचं समर्थन शब्दाशब्दानं सारखं होतं. आम्ही ज्वारीच्या दारूची वकिली करत नाही. सांगायचं एवढंच, की एका पिकाच्या दारूला संस्कृती म्हणायचं आणि दुसऱ्याच्या दारूला व्यसन, हे ठरवताना पिकापेक्षा पिणाऱ्याकडे जास्त बघितलं जातं.

27 जानेवारी 2022 चा निर्णय तुम्हांला आठवत असेल. मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंत्रिमंडळानं मान्यता दिली. कारण तेच, शेतकऱ्याचं भलं. वाइन ही दारू आहे की नाही, यावर महिनाभर वाद झाला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय काही अमलात आला नाही. त्या सगळ्या वादात शेतकऱ्याशी केलेल्या कराराची हमी काय, माल नाही उचलला तर भरपाई कोण देणार, हे फार थोड्यांनी विचारलं.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. हे पाणी कोणाचं?

2005 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. तुटीच्या वर्षात खोऱ्यातल्या धरणांनी टंचाई वाटून घ्यायची, वरच्यांनी भरून घ्यायचं आणि खालच्यांनी कोरडं राहायचं असं नाही. त्यावर मेंढेगिरी समिती बसली. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र पुढं आलं. प्राधिकरणानं 2014 मध्ये आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2016 मध्ये समन्यायी वाटपाच्या बाजूनं निकाल दिला. 2015 च्या दुष्काळात नाशिक-नगरच्या धरणांतून 12.84 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा नाशिकमध्ये मोठी आंदोलनं झाली. 2023 मध्ये 8.6 टीएमसीचा आदेश निघाला, तेव्हाही तेच. सोडलेलं सगळं पाणी पोचत नाही. वाटेत नदीपात्र पितं, बंधारे पितात, मोटारी पितात.

हे सगळं डोक्यात ठेवून आम्ही नाशिकला गेलो होतो. खरं सांगायचं तर थोडा रागच घेऊन गेलो होतो. आपल्या वाटचं पाणी हे लोक पेल्यात ओतून पितात, अशी एक भावना. परत आल्यावर हिशेब मांडला आणि राग ठेवायला जागा सापडेना.

हिशेब असा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मापानं द्राक्षाच्या पूर्ण हंगामाला साधारण 500 ते 1200 मिलिमीटर पाणी लागतं. ज्वारीला 450 ते 650. उसाला 1500 ते 2500. मराठवाड्यात वर्षाचा सरासरी पाऊस 700 ते 800 मिलिमीटरच्या घरात. आता सांगा, या खोऱ्यात जास्त पाणी पिणारं कोण आहे? नाशिकच्या वाइनच्या बागा ठिबकवर आहेत, आणि खाण्याच्या द्राक्षाच्या मानानं त्यांचं क्षेत्र अगदी थोडं आहे. वरच्या भागात ऊस आहे, हे खरं. पण जायकवाडीच्या कालव्यावर, माजलगावच्या कालव्यावर, गोदावरीच्या बंधाऱ्यांवर आपण काय लावलं? ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, डिग्रस इथं बंधारे झाले आणि नदीकाठी ऊस वाढला. वरून आलेलं प्रत्येक थेंब पाणी भांडून आणायचं आणि खाली त्याचा ऊस करायचा, मग ज्वारी-हरभऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, शेपटाच्या गावांना त्यातलं किती मिळतं?

दारूच्या बाबतीतही तेच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या बिअर आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली. ते कारखाने नाशिकचे नव्हते, आपल्याकडचे होते, आणि औरंगाबादच्या कारखान्यांना पाणी नाथसागराचंच होतं. वरच्या काठाकडे बोट दाखवताना हे विसरून चालणार नाही.

याचा अर्थ नाशिकशी आपलं भांडण चुकीचं आहे का? मुळीच नाही. समन्यायी वाटप हा कायद्यानं दिलेला हक्क आहे आणि तो दरवर्षी मागावा लागतो, हीच शरमेची गोष्ट आहे. पण हक्काचं भांडण द्राक्षाच्या वेलीशी किंवा वाइनच्या पेल्याशी नाही. ते वरच्या धरणांच्या दारांशी आहे, आणि तितकंच ते आपल्या कालव्याच्या शेवटच्या चारीशी आहे. वरून न्याय मागणाऱ्यानं खाली तोच न्याय करायला हवा. आपण शेपटाच्या गावाला पाणी देत नसू, तर नाशिककर आपल्याला जे ऐकवतात ते आपण आपल्याच माणसांना ऐकवतो आहोत.

आणखी एक गोष्ट त्या गच्चीवर जाणवली, तीही सांगून टाकतो. ते देखणं दृश्य निसर्गानं दिलेलं नाही. डोंगर निसर्गाचे, पण पाणी धरणाचं, धरण सार्वजनिक पैशाचं, बागेला करसवलत सरकारची. एवढी सार्वजनिक गुंतवणूक जिथं झाली, तिथं दृश्य सुंदर दिसलं तर नवल नाही. आपल्याकडे जिंतूर तालुक्यात येलदरीचा जलाशय आहे. ज्यांनी पावसाळ्यानंतर तो बघितला असेल, त्यांना विचारा, गंगापूरपेक्षा कुठं कमी आहे? तिथं वायनरी काढा असं आम्ही म्हणत नाही. पण तलावाकाठी बसून एखादा पाहुणा ज्वारीची भाकरी आणि हुरडा खाईल, दोन पैसे गावात राहतील, एवढी कल्पना तरी कुणी करावी. नाशिकला द्राक्षासाठी सवलत मिळाली, ती मागणारे संघटित बागायतदार होते म्हणून. त्यांचा राज्यव्यापी संघ 1960 पासून काम करतो आहे. परभणीच्या ज्वारीवाल्यांचा असा संघ कुठं आहे? धोरण मागणाऱ्याच्या दारात येतं, आणि आपण मागितलं ते बहुतेक वेळा उसासाठी.

वाइन बघायला जाऊच नये, असंही आमचं म्हणणं नाही. जरूर जा. न पिणारे असाल तर रस घ्या, कोणी हसत नाही. कारखाना नीट बघा, माहिती देणाऱ्याला छाटणीबद्दल विचारा, कराराबद्दल विचारा, भाव काय मिळतो ते विचारा. फेब्रुवारीत गेलात तर तोडणी बघायला मिळेल, तोडणाऱ्या बायकांशी बोला. आणि गच्चीवर गेलात की फोटो काढायच्या आधी धरणाच्या काठावरची पाण्याची रेघ बघा. पाणी किती उतरलंय ते तिच्यावरून कळतं. तीच रेघ दोन-तीनशे किलोमीटर खाली आपल्या हिशेबात येते.

काकांनी विचारलेल्या प्रश्नाला त्या मुलानं ‘धरणाचं’ असं उत्तर दिलं. आम्ही गाडीत बराच वेळ बोललो. कोणी म्हणालं नाशिकचं, कोणी म्हणालं आपलं, कोणी म्हणालं सरकारचं. काका ऐकत होते. मनमाड मागं पडल्यावर ते म्हणाले, "गंगेचं आहे. आपण सगळे वाटेकरी." वाटेकरी हा शब्द शेतातला आहे. वाटेकऱ्याला हक्क असतो आणि त्यानं हिशेबही द्यायचा असतो. आपण आजवर हक्काबद्दल पुष्कळ बोललो. हिशेबाला सुरुवात करायची असेल, तर या ऑक्टोबरात वरच्या धरणांच्या टक्केवारीबरोबर आपल्या कालव्याच्या शेवटच्या गावाला किती पाणी पोचलं, तेही विचारून बघा.

चहा तयार आहे. प्रश्न असतील तर चहा घेता घेता बोलू.